उन्हाळ्यात कोल्हापुरी घालायची तर नीट घाला: निवडण्यापासून मृगापर्यंत सगळं

मार्च लागला की बंद बूट नको वाटतात, मोज्यात पाय शिजतो, आणि मग सगळ्यांना कोल्हापुरी आठवते. घेतात हौसेने, चार दिवस घालतात, अंगठा सोलवटतो, मग ती शू रॅकच्या खालच्या कप्प्यात जाते आणि गणपतीत बाहेर काढली की पांढरी बुरशी. मग म्हणायचं की कोल्हापुरी टिकत नाही. अहो टिकते, चांगली वर्षानुवर्षं टिकते, फक्त ती कशाची बनलीये हे एकदा समजून घेतलं पाहिजे, बाकी सगळं त्यातूनच येतं.

तर आधी तेवढं सांगते. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. तळाला जाड म्हशीचं कातडं, एकावर एक थर, आणि शिलाई हाताने. त्यावर प्लास्टिकसारखा कोटिंगचा थर नसतो, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण त्यामुळे हे कातडं उघडं राहतं, म्हणजे तुम्ही जे द्याल ते पितं. तेल दिलं तर तेल, घाम आला तर घाम, पाऊस लागला तर पाऊस. उन्हाळ्यात पाय थंड राहतो तो याचमुळे, कारण घाम तळव्याखाली साचत नाही, आत शोषला जातो आणि रात्री वाळून जातो. आणि चप्पल खराब होते तीही याचमुळे. हे डोक्यात पक्कं ठेवा.

घेताना काय बघायचं

2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. म्हणजे अथणी-निपाणीकडची चप्पल मिळाली म्हणून ती डुप्लिकेट ठरत नाही, तिकडेही पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. डुप्लिकेट म्हणजे रेक्झिन आणि फोमवाली, जी कोल्हापुरी म्हणून रस्त्यावर दोन-तीनशेला विकतात. त्या किमतीत हातशिलाईचं कातडं येऊच शकत नाही, हिशोबच बसत नाही.

दुकानात चप्पल उलटी करा, तळाची कड बघा. खरी असेल तर कडेला कातड्याचे थर वेगवेगळे दिसतात आणि शिलाई आरपार गेलेली दिसते, टाके थोडे कमीजास्त असतात कारण हात आहे, मशीन नाही. रेक्झिनची कड एकसारखी गुळगुळीत असते किंवा आतून कापडाचे धागे डोकावतात. मग वास घ्या, लाजू नका, साल-हिरड्यात कमावलेल्या कातड्याला थोडा तुरट मातकट वास येतो, रेक्झिनला केमिकलचा. पट्टा बोटाने वाकवून बघा, कातडं सुरकुततं आणि सोडलं की हळूहळू पूर्ववत होतं.

रंगाचं म्हणाल तर पहिला जोड नैसर्गिक रंगाचाच घ्या, तो फिकट तपकिरी, मधासारखा. एक तर तो सगळ्यावर जातो, दुसरं म्हणजे तो वापराने गडद होत जातो आणि दोन उन्हाळ्यांनी जो रंग येतो तो कुठल्याही डायने येत नाही. लाल, काळ्या, सोनेरी घ्या पण नंतर. गडद डाय केलेल्या स्वस्त चपलेचा रंग घामाने तळव्याला लागतो, म्हणून घेण्याआधी ओलसर पांढरा रुमाल पट्ट्याच्या आतून घासून बघा, दुकानदाराला विचारून. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

माप हा सगळ्यात फसवा भाग. संध्याकाळी जा, कारण उन्हाळ्यात दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. हे कातडं रुंदीत सैल होतं, लांबीत नाही. म्हणजे टाच बाहेर लोंबत असेल तर ती कायम लोंबणार, पण पट्टा थोडा घट्ट असेल तर तो आठ-पंधरा दिवसात जागेवर येतो. अंगठ्याच्या कडीत अंगठा मुळापर्यंत गेलाच पाहिजे, अर्ध्यावर अडकत असेल तर ‘नंतर सैल होईल ताई’ ऐकू नका, ते तसं होत नाही, त्याआधी कातडी सोलवटते. दोन्ही पाय घालून दुकानाच्या फरशीवर पाच मिनिटं चालून बघा, गालिच्यावर नाही. आणि आवाजही तेव्हाच ऐका. काही जोड मुद्दाम करकर वाजतील असेच बनवलेले असतात, गावाकडे तो मानच आहे, पण तुम्हाला ऑफिसात घालायची असेल तर वाजणारी घेऊ नका, नंतर तो आवाज काही केल्या जात नाही.

वजनदार, मोठ्या कानांची (कान म्हणजे बाजूला निघालेले कातड्याचे पंखे) कापशी नावाची चप्पल दिसायला फार भारदस्त, पण रोज दोन किलोमीटर चालणार असाल तर पातळ तळाची, छोट्या कानांची घ्या. कापशी लग्नकार्याला, पाडव्याला, फोटोला. कोल्हापुरात गेलात तर शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनला जा, दहा दुकानं फिरा, मग घ्या. आणि घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवा की एकेका पट्ट्यावरची ती कातड्याची वेणी हाताने विणलेली असते, बहुतेक घरांमध्ये ते काम बायका करतात.

नवी चप्पल चावते, तिचं काय

चावते. चावणारच. नवं कातडं कडक असतं आणि तीन जागी लागतं: अंगठ्याच्या कडीची आतली कड, पायाच्या वरच्या हाडावर पट्ट्याची पुढची कड, आणि बाजूचे कान जिथे तळाला शिवलेत ती जागा. तेल तिथेच द्यायचं, आतून, पूर्ण चपलेला थापायचं नाही.

आणली त्या रात्री एरंडेल आणि खोबरेल अर्धं अर्धं घ्या, वाटी गरम पाण्यात ठेवून जरा कोमट करा. गॅसवर तापवू नका, कडकडीत तेलाने कातडं आखडतं. कापसाच्या बोळ्याने या तीन जागांना आतून तेल लावा, बोटाने चोळा, विशेषतः कडेला, कारण कापलेली कड हीच खरी सुरी असते. रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कोरड्या कपड्याने पुसा आणि पट्टा हाताने पुढे-मागे वाकवा, अंगठ्याच्या कडीत दोन बोटं घालून हलके ताणा. कडक वाटत असेल तर दुसऱ्या रात्री परत. दोनदा पुरतं.

मग घरातच घाला. अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तासभर, मग किराणा आणायला कोपऱ्यापर्यंत, मग बाहेर. पहिल्याच दिवशी नवी चप्पल घालून लग्नाला जाऊ नका, प्लीज, संध्याकाळी अनवाणी फिरावं लागतं. लागायच्या जागी पायाला आधीच पेपर टेप लावा, फोड आल्यावर नाही. काही जण चप्पल रात्रभर पाण्यात भिजवायला सांगतात, ते अजिबात करू नका, तळाचे थर फुगतात आणि शिलाई सैल पडते, मऊ होण्यापेक्षा नुकसानच जास्त.

घालायची कशावर

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने कोल्हापुरीसारखीच चप्पल रॅम्पवर आणली, सुरुवातीला आपल्या कारागिरांचं नावही नव्हतं, इकडून बरीच ओरड झाल्यावर मूळ भारतातलं असल्याचं मान्य केलं. त्यानंतर एकदम सगळ्यांना कोल्हापुरी स्टायलिश वाटायला लागली. आपल्याकडे ती आधीपासून होतीच, धोतरावर, नऊवारीवर, जीन्सवर. तर मिलान राहू द्या, आपल्या उन्हात काय चांगलं दिसतं ते बघू.

एकच नियम मी पाळते: चपलेवर वेणी आहे, गोंडा आहे, कान आहेत, म्हणजे नक्षी पायात आहे, तर घोट्याजवळचा कपडा साधा ठेवायचा. खाली जड बॉर्डर, एम्ब्रॉयडरी, लेस आणि त्याखाली गोंड्याची चप्पल, असं असलं की नजर कुठे ठरतच नाही.

पुरुषांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे पांढरा किंवा फिकट सुती कुर्ता, खाली पायजमा किंवा सरळ कटची जीन्स. पँटची लांबी इथे सगळं ठरवते. कोल्हापुरीवर पँट टाचेखाली घोळली की दोन गोष्टी होतात, दिसायला अजागळ, आणि कापडाची शिवण चपलेच्या कानावर घासून कान वाकतो, एकदा वाकला की तो तसाच राहतो. म्हणून पँट घोट्याच्या हाडापर्यंत, नसेल तर दोन घड्या घालून दुमडा. लिननची ट्राउझर आणि बाह्या दुमडलेला शर्ट, त्यावर नैसर्गिक रंगाची चप्पल, हे एप्रिलमधल्या शुक्रवारी ऑफिसला मस्त चालतं. अगदी चिकटून बसणाऱ्या जीन्सवर मात्र जड कापशी नको, पाय काडीसारखे आणि चप्पल नावेएवढी दिसते, तिथे पातळ पट्ट्याची घ्या. शॉर्ट्सवर घालतात, घाला, पण साध्या रंगाची शॉर्ट्स हवी, जिमची चमकणारी नाही.

बायकांना तर काय, चॉइसच चॉइस. इरकल, नारायणपेठ, साधी मंगळगिरी, कुठलीही सुती साडी आणि नैसर्गिक कोल्हापुरी, याला तोड नाही. साडी नेसताना चप्पल घालूनच निऱ्या काढा, कारण कोल्हापुरीला हील जवळपास नसते आणि हीलच्या अंदाजाने नेसलेली साडी पायात येते. खणाच्या ब्लाउजवर किंवा खणाच्या ड्रेसवर सोनेरी चप्पल लोक घालतात पण खणालाच इतकी चमक असते की खाली तपकिरीच बरी दिसते, हे माझं मत. इंडिगो, मोहरी, मरून, ऑफ व्हाइट या रंगांवर ते मधाळ कातडं खुलतं. पावलापर्यंतचा स्कर्ट असेल तर थोडा आखूड करा, चप्पल दिसलीच नाही तर घालायची कशाला. बेल्ट-पर्स त्याच रंगाची शोधत बसू नका, कातड्याचा रंग रोज थोडा बदलतोय, मॅच होणार नाही आणि व्हायची गरजही नाही.

आणि पाय! सगळा पाय उघडा असतो, त्यामुळे टाचेच्या भेगा, वाढलेली नखं आधी दिसतात. रात्री पाय धुऊन, टाचांना खोबरेल किंवा व्हॅसलिन लावून सुती मोजे घालून झोपा, आठवड्यात फरक दिसतो. पट्ट्याचा टॅन पडतो, म्हणून पावलांना पण सनस्क्रीन लावा, पण ते पूर्ण मुरल्याशिवाय चप्पल घालू नका, नाहीतर तळावर चिकट डाग. हळदीच्या कार्यक्रमाला तर ही चप्पल नकोच, हळदीचा डाग या कातड्यातून निघत नाही.

रोजचं

रोज काही फार करायचं नसतं. घरी आलात की चप्पल लगेच बंद कपाटात टाकू नका, दिवसभराचा घाम तिने प्यायलाय, तो उडायला हवा, रात्रभर हवेशीर जागी उघडी ठेवा. रोज एकच जोड घालू नका, दोन आलटून पालटून घाला, दोन्ही जास्त टिकतात. पायाला फार घाम येत असेल तर चपलेला नाही, पायाला पावडर लावा.

धूळ सुक्या मऊ ब्रशने काढायची, वेणीच्या खाचांत जुना टूथब्रश चालतो. घामाचे पांढरे डाग पडले तर सुती कपडा पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळा, इतका की हाताला फक्त गार लागेल, आणि संपूर्ण पट्टा एकसारखा पुसा. फक्त डागावर पुसलं तर डागाच्या जागी नवं गोल तयार होतं. मग सावलीत वाळवा.

देवळात, दर्ग्यात, लग्नाच्या हॉलबाहेर दुपारच्या उन्हात चप्पल तासन्‌तास पडली की तळ कडाडून वर वळतो. पर्समध्ये एक कापडी पिशवी ठेवा, त्यात घालून सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत पण ठेवू नका, मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे तर अजिबात नाही.

आणि घसरण्याचं बघा. कातड्याचा तळ मॉलच्या, रेल्वे स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर सरकतो. मोच्याकडून खाली पातळ रबर सोल चिकटवून घ्या, खिळे न मारता, फक्त सोल्यूशनने, हवं तर कडेने टाके. खिळा मारला की एक तर तळाचे थर फाटतात, दुसरं म्हणजे लोखंड आणि हिरडा-बाभळीतलं टॅनिन ओलाव्यात एकत्र आलं की काळा-निळा डाग पडतो, तो कायमचा. याच कारणाने ओली चप्पल लोखंडी रॅकवर ठेवू नका, खाली कागद टाका. टाचेला नाल मारून घेणारे आहेत, दणकट होते खरी, पण घरातल्या फरशीवर ओरखडे पडतात.

अंगठ्याची कडी उसवायला लागली तर पहिला टाका निघाल्यावरच शिवून घ्या, फेव्हिक्विक टाकू नका, त्याने कातडं काचेसारखं कडक होऊन पुढच्या वाकण्यात तुटतं. आणि मोच्याला सांगा, जुन्याच भोकांतून शिव, नवी भोकं पाडू नको, भोकं जवळजवळ झाली की पट्टा तिथेच फाटतो.

तेल: कधी, किती

नियमित वापर असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. त्यापेक्षा जास्त दिलं तर चप्पल लोळागोळा होते, पट्टा ताणतो, धूळ चिकटते. आधी झाडून, पुसून, पूर्ण वाळलेली पाहिजे. बोळा तेलात बुडवून पिळून घ्या. पट्ट्याला वरून अगदी पातळ हात, आतून थोडा जास्त, तळाच्या कडेला चारी बाजूंनी, आणि खालचा तळ रबर नसेल तर त्यालाही. पाय ठेवतो त्या भागाला जेमतेम पुसल्यासारखं, नाहीतर पाय सरकतो आणि पायजम्याला डाग. गोंडा, जर, रेशमी धागा असेल तर तिथे तेल नकोच. रात्रभर ठेवा, सकाळी जे वर दिसेल ते पुसून टाका, कातड्याने घेतलं नाही म्हणजे त्याला नको आहे.

तेलाने रंग गडद होतो, आधी कानाच्या मागच्या बाजूला एक थेंब टाकून बघा. डाय केलेल्या चपलेला तेलाऐवजी रंग नसलेलं लेदर क्रीम बरं. स्वयंपाकघरातलं सूर्यफूल किंवा जवस वापरू नका, सूर्यफूल चिकट होतं आणि जवसाचं तेल वाळून कातडं कडक करतं. नुसतं खोबरेल पण उन्हाळ्यापुरतं ठीक, थंडीत ते गोठून पट्ट्यावर पांढरट थर येतो आणि लोक बुरशी समजून घाबरतात. ओळखायचं सोपं आहे, हेअर ड्रायरची हलकी गरम हवा लांबून दाखवा, विरघळून गेलं तर तेल, तसंच राहिलं तर बुरशी.

भिजली तर, आणि मृगाच्या आधी

वळवाचा पाऊस सांगून येत नाही. चप्पल भिजली तर घरी येऊन सुक्या कपड्याने टिपा, घासू नका. चिखल असेल तर तो वाळू द्या, मग ब्रशने काढा. पट्ट्याच्या आत कोऱ्या कागदाचे गोळे भरा म्हणजे आकार राहील, दोन-तीन तासांनी कागद बदला, पंख्याखाली सावलीत आडवी टेकवून ठेवा, तळाला हवा लागली पाहिजे. ऊन, हीटर, गॅसजवळ, ड्रायरची गरम झोत, काही नाही. परदेशात राहणाऱ्यांनो, रेडिएटरवर तर मुळीच नाही. वाळायला दोन दिवस लागले तर लागू देत. पूर्ण वाळल्यावर तेलाचा पातळ हात द्या, कारण पाणी जाताना आतलं तेल पण कमी होतं, म्हणूनच भिजून वाळलेली चप्पल खडखडीत होते.

7-8 जूनला मृग निघतो, त्याच्या आठवडाभर आधी कोल्हापुरी आवरून ठेवायची. कोकणात, मुंबईत, गोव्यात मेच्या शेवटालाच, हवा तिथे आधीच दमट होते. झाडा, पुसा, सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं दाखवा, मग सावलीत दिवसभर. तेल द्यायचं पण नेहमीपेक्षा कमी, आणि दोन दिवस मुरू द्यायचं, तेलकट चप्पल पिशवीत गेली की बुरशीला मेजवानीच. कोऱ्या कागदाचे गोळे आत भरा, छापील कागदाची शाई फिकट कातड्याला लागते. प्रत्येक चप्पल वेगळी सुती कपड्यात गुंडाळा, जुनी उशीची खोळ उत्तम. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. सिलिका जेलच्या पुड्या असतील तर टाका, आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, जमिनीलगत नाही. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा एकदा बाहेर काढून हवा द्या आणि कागद बदला.

तरी बुरशी आलीच तर बाल्कनीत नेऊन सुक्या ब्रशने झाडा, घरात नाही, नाहीतर बाकीच्या चपलांवर बसते. व्हिनेगर आणि पाणी समसमान, कपडा बुडवून घट्ट पिळून सगळी चप्पल पुसा, वेणीच्या खाचांत कान साफ करायच्या काडीने. पंख्याखाली पूर्ण वाळवा. वास दोन दिवसांत जातो. मग तेल. कपाटाचा तो कप्पाही त्याच पाण्याने पुसून घ्या, नाहीतर पंधरा दिवसांत परत तेच.

दसऱ्याच्या सुमाराला बाहेर काढाल तेव्हा लगेच घालून निघू नका, चार महिने पडून कातडं आखडलेलं असतं. रात्री अंगठ्याच्या कडीला आणि पट्ट्याला आतून तेलाचं बोट, सकाळी हाताने वाकवून मोकळी करा, टाके एकेक तपासा, आणि एक संध्याकाळ घरात घालून फिरा.